सातबारा, फेरफार आणि मेनफ्रेम



गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसाद घेताना एका काकूंनी मला विचारलं, "तू घरी बसून रात्री-अपरात्री त्या कॉम्प्युटरवर नक्की करतोस तरी काय?" मी म्हटलं, "काकू, मेनफ्रेमवर काम करतो." शेजारी उभा असलेला त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा हसून म्हणाला, "दादा, ते तर संपलं ना केव्हाच?"

मोदक तोंडात होता म्हणून तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो. पण त्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल, आणि रावेरच्या आजोबांची गोष्टही.

आधी मेनफ्रेमचं बघू. आपल्या बऱ्हाणपुरात पाहुणे आले की आपण त्यांना कुंडी भंडारा दाखवायला नेतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात बांधलेली ती पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं आणि उताराने शहराकडे आणायचं. वर शेतात दिसतात ती फक्त ओळीने असलेली कुंड्यांची तोंडं. खाली उतरल्याशिवाय त्या सगळ्या आतून जोडलेल्या आहेत हे कळतही नाही. मेनफ्रेम तशीच. एटीएममधून पैसे काढणाऱ्याला, विम्याचा हप्ता भरणाऱ्याला, विमानाचं तिकीट काढणाऱ्याला ती कधी दिसत नाही. पण जगातल्या कित्येक मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांचं पाणी आजही त्याच बोगद्यातून वाहतं.

आयबीएमने सिस्टम/३६० ही यंत्रांची मालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केली. आज मी ज्या झेड ओएसवर काम करतो ती त्याच घराण्यातली. यंत्र दर काही वर्षांनी नवं येतं, आतला वेग कुठल्या कुठे गेला आहे, पण जुने प्रोग्रॅम चालत राहावेत हा त्या घराण्याचा कुलाचार आहे. म्हणून पंच कार्डावर ऐंशी अक्षरं मावायची, तर आजही आमच्या कित्येक फाइलींची ओळ बरोबर ऐंशी अक्षरांची असते. कार्डं केव्हाच गेली, रुंदी राहिली.

मी बीई झालो, पुण्याला नोकरीला लागलो आणि मेनफ्रेमच्या सिस्टम प्रोग्रॅमिंगच्या टीममध्ये पडलो. आम्ही बँकेचे हिशेब लिहीत नाही. ज्या घरात ते हिशेब चालतात ते घर आम्ही सांभाळतो. त्या घराचे नियम लिहिलेल्या फाइली असतात. त्यांच्या एका मुख्य संग्रहाला पार्मलिब म्हणतात. यंत्र सुरू होताना ते आधी या फाइली वाचतं. कुठल्या कामाला किती जागा द्यायची, कोणत्या सेवा आधी उठवायच्या, कोणत्या प्रोग्रॅमवर जास्त विश्वास ठेवायचा, सगळं तिथे. यंत्र असं पहिल्यापासून सुरू करण्याला आमच्याकडे आयपीएल म्हणतात, इनिशियल प्रोग्रॅम लोड. घरी मी "रविवारी आयपीएल आहे" म्हटलं की बाबा अजूनही विचारतात, "कोणाची मॅच?"

आता अडचण अशी, की या फाइलींतला बराचसा बदल पुढच्या आयपीएलपर्यंत लागूच होत नाही, आणि आयपीएल महिना-दोन महिन्यांतून एकदा होतं. घाईचं काही असेल तर चालू यंत्राला थेट आज्ञा देऊन तो बदल तात्पुरता लागू करता येतो. पण तो कायम राहावा म्हणून फाइलीतही लिहावा लागतो. फाइलीत लिहायचा राहिला, तर पुढच्या आयपीएलला यंत्र तो विसरून जातं. म्हणजे आज केलेली चूक दोन महिन्यांनी उगवते, आणि तोवर ती कोणी पेरली हे कोणाच्या लक्षात नसतं.

या फाइली आम्ही सांभाळत कशा होतो? तुम्ही लग्नाची पत्रिका करताना कॉम्प्युटरवर जशा फाइली ठेवता तशाच. 'पत्रिका', 'पत्रिका नवी', 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल २'. आमच्याकडे तर नावाला आठच अक्षरांची मुभा, म्हणून शेवटी कोणी 'ओएलडी' जोडायचं, कोणी तारीख, कोणी स्वतःच्या नावाची अक्षरं. फाईल शेवटची कोणी आणि कधी बदलली एवढं यंत्र दाखवायचं. पण फक्त शेवटची. त्याआधीच्या माणसाचं नाव पुढचा माणूस पुसून टाकायचा, तेही नकळत.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि पुण्याची खोली सोडून मी बऱ्हाणपूरला घरी आलो. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतली रविवारची पहाट म्हणजे आपली दुपार. आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. ताट वाढलेलं, आणि मी कानाला हेडफोन लावून आयपीएल बघत बसलेलो. यंत्र सुरळीत उठलं. पण एका बँकेच्या हिशेबाच्या फाइली इकडून तिकडे पोचवणारा एक प्रोग्रॅम उठताक्षणी कोसळला. पडद्यावर कोड आला, शून्य चार सात. याचा अर्थ, ज्याला अधिकार नाही अशा प्रोग्रॅमने अधिकाराचं काम करायला घेतलं. विश्वासू लायब्रऱ्यांची जी यादी असते, तिच्यात या प्रोग्रॅमच्या लायब्ररीची ओळच नव्हती.

ती ओळ घालायचं काम आमच्या टीममधल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे होतं. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणत असू. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. सात आठवड्यांपूर्वी त्यांनी चालू यंत्राला आज्ञा देऊन ती लायब्ररी यादीत घातली होती, आणि सगळं चालत होतं. सर म्हणाले, "मी फाइलीतही लिहिलं होतं." फाईल उघडली. ओळ नव्हती. फाईल शेवटची बदलली म्हणून तिसऱ्याच एका सहकाऱ्याचं नाव दिसत होतं, आणि त्याने फक्त खालची एक ओळ बदलली होती हे त्याच्या कामाच्या नोंदीवरून सिद्ध झालं. मग एकच निष्कर्ष उरला, सर फाइलीत लिहायचं विसरले.

ओळ घातली, प्रोग्रॅम उठला. पैसे कुणाचे गेले नाहीत, पण काम चार तास उशिरा झालं आणि ग्राहकाकडून रागाची मेल आली. सोमवारच्या बैठकीत सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "असेल. वय झालं. विसरलो असेन."

त्या रात्री मी माझ्या स्वतःच्या जागेत दुसरंच काही शोधत होतो, तेव्हा त्याच फाइलीची माझी प्रत सापडली. तारखा बघितल्या आणि पोटात गोळा आला. मलाही त्या यादीत एक बदल करायचा होता. सोमवारी मी फाइलीची प्रत काढून घेतली होती. बुधवारी सरांनी मूळ फाइलीत त्यांची ओळ घातली. शुक्रवारी माझ्या बदलाला मंजुरी मिळाली, आणि मी माझ्या सोमवारच्या प्रतीत बदल करून ती अख्खी मूळ फाइलीवर डकवली. सरांची ओळ मी पुसली होती. मला कळलं नाही, यंत्राला फरक पडला नाही, सात आठवडे कोणालाच पत्ता लागला नाही. जुने बॅकअप काढून पाहिले असते तर दिसलं असतं. पण शंकाच नव्हती, तर काढणार कोण?

खरं सांगतो, मी लगेच बोललो नाही. वार्षिक मूल्यमापन तोंडावर होतं. प्रश्न मिटला आहे, सरांना कोणी काही शिक्षा केलेली नाही, आता कशाला उकरायचं, असं मन समजावत मी दोन दिवस काढले. पण "विसरलो असेन" हे शब्द काही कानातून जाईनात. आपण विसरलो नव्हतो हे ज्याला पक्कं आठवत होतं, त्या माणसाने स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास माझ्यामुळे सोडला होता.

बुधवारी आईने मामाकडे काही पोचवायला रावेरला पाठवलं. बऱ्हाणपूरहून राज्याची सीमा ओलांडली की दोन्हीकडे केळीच्या बागा सुरू होतात आणि माझं आजोळ जवळ येतं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, महाराष्ट्र सरकारचे तलाठी होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "चेहरा का असा रे? काय बिघडलं?" मी त्यांना समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चूक कबूल करण्यावर दोन शब्द ऐकवतील. ते भलतंच बोलले.

"तुमच्याकडे फेरफार नाही?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

मग त्यांनी मला सातबारा शिकवला. ज्यांची शेती महाराष्ट्रात आहे त्यांना हे माहीत असेल, पण आम्हा तरुण मंडळींना बहुतेक नसतं. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पण हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात जुनं नाव कधी खोडरबराने पुसत नसत. त्याला कंस करायचा, खाली नवं नाव लिहायचं, आणि बाजूला वर्तुळात एक आकडा टाकायचा. तो आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. तिथे तो क्रमांक काढला की कळतं, बदल कधी झाला, आणि का झाला. खरेदीखत, वारसा, वाटणी, जे असेल ते.

"सातबारा सांगतो काय आहे," आजोबा म्हणाले, "फेरफार सांगतो का आहे. तुमच्याकडे नुसता सातबाराच दिसतोय. तोही दर वेळी नवा कागद."

"आणि तलाठ्याने चुकीची नोंद केली तर?"

"म्हणून तर तलाठ्याच्या एकट्याच्या हातात ठेवलं नाही. मी नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. जो लिहितो त्यानेच प्रमाणित करायचं नाही. तलाठी चोर आहे म्हणून नव्हे रे. तलाठी माणूस आहे म्हणून."

निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या सरांना फोन केव्हा करतोस?"

रावेरच्या बाहेर गाडी बाजूला लावून मी फोन केला. सगळं ऐकून सर काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी लिहिलं होतं." दोनदा म्हणाले. रागावले नाहीत. त्यांच्या आवाजात जो सुटकेचा भाव होता, तो ऐकून मला रागावले असते तर बरं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी टीमसमोर तारखांसकट सांगितलं. मूल्यमापनात त्याचा एक वाक्याचा उल्लेख आला. एवढंच झालं. ज्याला दोन दिवस घाबरलो ते एका वाक्याचं होतं.

त्याच बैठकीत मी सुचवलं, आपण या फाइली गिटमध्ये ठेवू. सर म्हणाले, "ठेव. मी बरोबर आहे."

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना गिट नवं नाही. इतरांसाठी सांगतो, गिट म्हणजे आजोबांची फेरफार नोंदवही. प्रत्येक बदलाबरोबर कोणी, केव्हा आणि का हे लिहिलं जातं आणि जुनं काहीच पुसलं जात नाही. आणि माझ्यासारखा कोणी सोमवारची प्रत शुक्रवारी आणून डकवू लागला तर ते अडवतं. म्हणतं, तू प्रत घेतलीस त्यानंतर मूळ बदललं आहे, आधी ते घे आणि मग तुझं घाल. एवढं एक वाक्य त्या शुक्रवारी मला कोणी सांगितलं असतं तर हा लेखच झाला नसता.

गंमत म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी ही विद्या मेनफ्रेमला परकी नाही. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये एससीसीएस नावाची प्रणाली लिहिली, ती या प्रकारातल्या सुरुवातीच्या प्रणालींपैकी एक. ती आधी आयबीएमच्या मेनफ्रेमवरच चालत होती. गिट पुष्कळ नंतरचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आणि त्यातली पहिली नोंद आहे ७ एप्रिल २००५ ची. वर सिस्टम/३६० ची तारीख दिली आहे ती पुन्हा बघा. एकेचाळीस वर्षांच्या अंतराने दोघांचा वाढदिवस एकच!

पण वाढदिवस जुळला तरी स्वभाव जुळायला वेळ लागला. मेनफ्रेम अक्षरं एबसिडिक नावाच्या तिच्या स्वतःच्या पद्धतीने साठवते, बाकीचं जग यूटीएफ-८ वापरतं. मेनफ्रेमवर चालणारं गिट रॉकेट सॉफ्टवेअरने तयार केलेलं आहे. त्यात कोणती फाईल कोणत्या पद्धतीची हे एका छोट्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. आमचं ते पहिल्यांदा चुकलं आणि पडद्यावर नुसता अक्षरांचा भाजीपाला उमटला. मग काही फाइलींत दुसरीच अडचण. पंच कार्डांच्या काळात कार्डं हातातून पडून विस्कटली तर पुन्हा लावता यावीत म्हणून शेवटच्या आठ रकान्यांत अनुक्रमांक टाकायची पद्धत होती. संपादन केलं की ते अनुक्रमांक बदलायचे आणि गिटला वाटायचं, सगळीच फाईल नवी आहे. सरांनी पाच मिनिटांत निदान केलं. ते क्रमांक काढून टाकले आणि एक ओळ बदलली की एकच ओळ दिसू लागली.

दोन नियम आम्ही सरळ आजोबांकडून घेतले. पहिला, ज्याने बदल लिहिला त्याने स्वतःच तो मंजूर करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी वाचायचा. दुसरा, कारणाशिवाय नोंद घ्यायची नाही. 'फाईल बदलली' हे कारण नव्हे, ते तर दिसतंच आहे. टीममधल्या एकाने विचारलं, "रात्री तीनला यंत्र बंद पडलं तर काय मंजुरीची वाट बघायची?" नाही. आधी यंत्र उठवायचं, सकाळी नोंद करायची. आणि ती राहू नये म्हणून रोज रात्री एक छोटा जॉब यंत्रावरच्या फाइली आणि गिटमधल्या फाइली ताडून पाहतो. फरक दिसला की सगळ्यांना मेल. पहिल्या महिन्यात ती मेल बरेचदा आली. त्यातली दोनदा माझ्यामुळे.

मला या सगळ्यात जे सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र मी योजलेलं नव्हतं. फाइली गिटमध्ये घालताना प्रत्येक ओळीशी 'का' लिहायची वेळ आली आणि लक्षात आलं, की अर्ध्या ओळींचं कारण फक्त सरांना ठाऊक आहे. मग निवृत्तीपर्यंत दर गुरुवारी एक तास आम्ही बसायचो. मी ओळ वाचायची, सरांनी कारण सांगायचं. ही मर्यादा एवढीच का? अमुक वर्षी जास्त केली होती, तेव्हा महिनाअखेरीला यंत्र अडकलं होतं. ही सेवा त्या सेवेच्या आधी का? उलट करून बघ, तासाभरात कळेल. काही ओळींवर ते बराच वेळ विचार करून म्हणायचे, "हे माझ्या आधीचं आहे. मलाही माहीत नाही." तेही आम्ही तसंच लिहून ठेवलं, 'कारण माहीत नाही, तपासल्याशिवाय काढू नये.' प्रामाणिक अज्ञानाचीसुद्धा नोंद लागते. नाहीतर पुढचा माणूस एक तर घाबरून हात लावत नाही किंवा बिनधास्त पुसून टाकतो.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना एक सांगावंसं वाटतं. तुमच्या घरातही असे सर असतील. शेताची वाटणी अशी का झाली, अमुक कुळाचार आपल्याकडेच का, बाबांनी ती विम्याची पॉलिसी का मोडली नाही. 'काय' ते सगळ्यांना दिसतं. 'का' ते एकाच माणसाच्या डोक्यात असतं. त्याला गिट लागत नाही. एक वही आणि गुरुवारचा एक तास पुरतो. मी सध्या आजोबांबरोबर तेच करतो आहे.

आणि काकूंच्या मुलाला उत्तर. नाही रे, मेनफ्रेम संपलेली नाही. आणि बरं का, गिटमध्ये 'ब्लेम' नावाची एक आज्ञा आहे. फाइलीतली कुठलीही ओळ कोणी लिहिली ते ती दाखवते. नाव वाईट आहे, पण काम चांगलं. त्या यादीतल्या सरांच्या ओळीवर ती चालवली तर नाव माझं येतं, कारण गिटमध्ये ती ओळ मी घातली. नोंदीत लिहिलं आहे, 'ही ओळ सरांनी आधीच लिहिली होती. माझ्या जुन्या प्रतीमुळे ती पुसली गेली. पुन्हा घातली.' खाली मंजूर करणाऱ्याचं नाव सरांचं आहे.